भट्टीवरची मोजणी

१८९२ साली मुंबई इलाख्याच्या सरकारने एका फुलावर कायदा केला. त्या वर्षीचा तिसरा कायदा, मोहफुलांचा. तो केला ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांवर नजर ठेवून. कुलाबा म्हणजे १९८१ पासूनचा रायगड. पेण-रोह्याच्या डोंगरपट्टीतल्या कातकरी आणि ठाकर वाड्यांवर उन्हाळा लागताना पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडे. ती वेचायची, अंगणात वाळवायची, भाजून-शिजवून खायची, पावसाळ्यातल्या अर्धपोटी दिवसांसाठी राखून ठेवायची आणि काही आंबवून त्यांची दारू गाळायची, असा रिवाज होता. परवान्याशिवाय दारू गाळणे त्याआधीच गुन्हा झाले होते. या कायद्याने फुले साठवणे, विकणे आणि वाहून नेणे यांवरही पहारा बसवला.

रानातल्या एका फुलाची सरकारला एवढी धास्ती का वाटली, याचे उत्तर मोजमापात आहे. दारूवर कर घ्यायचा तर ती कुठे गाळली जाते, किती गाळली जाते आणि किती कडक आहे, हे कळायला हवे. वाडीवाडीच्या चुलीवर ते कळणे शक्य नव्हते. म्हणून आधी चूल विझवली, मग फूल अडवले आणि मोजायची साधने एका जागी नेऊन ठेवली. आज जगभरातली हौशी माणसे घरच्या बिअरच्या पिंपाला तापमानाचे सेन्सर आणि छोटे मायक्रोकंट्रोलर जोडून घरबसल्या ब्रुअरी चालवतात. त्या हौसेचा कोकणातला पूर्वेतिहास शोधू लागले की हीच गोष्ट हाती लागते: इथे मोजणीचे साधन दारू करणाऱ्याच्या हातात आलेच नाही, ते आले कर घेणाऱ्याच्या हातात.

मोहाची जुनी भट्टी दिसायला साधी. खाली आंबवणाचे मोठे मडके, त्यावर वाफ धरणारे भांडे, सगळ्यांत वर थंड पाण्याचे भांडे, सांधे चिकणमातीने लिंपलेले. वाफ वरच्या थंड बुडाला लागून थेंब होते आणि नळीवाटे बाहेर येते. साहित्य एवढेच, पण काम सोपे नाही. वाळल्या मोहफुलाच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग साखरेचा असतो. पाण्यात भिजली की फुलांवरचे आणि मडक्यातले यीस्ट त्या साखरेवर तुटून पडते. कोकणातल्या एप्रिलच्या उष्म्यात हे आंबणे झपाट्याने होते. ते कधी पुरे झाले हे ठरवायला फेस बघायचा, वास घ्यायचा, मडक्याला कान लावून बुडबुड्यांचा आवाज ऐकायचा. लवकर चढवले तर साखर वाया जाते, उशीर झाला तर आंबवण व्हिनेगरकडे झुकते.

मग आचेचा प्रश्न. शुद्ध अल्कोहोल ७८ अंश सेल्सिअसच्या जरा वर उकळते, पाणी १०० ला, आणि दोहोंचे मिश्रण मधल्या तापमानाला. अल्कोहोल उडत जाईल तसे मडक्यातले तापमान चढत जाते आणि नळीतून पडणारी धार पातळ होत जाते. जाळ मोठा झाला तर आंबवण उतू येऊन नळीत शिरते, मडके करपते. जाळ मंदावला तर धार तुटते. वरचे पाणी कोमट झाले की बदलावे लागते, नाहीतर वाफ थंड न होता सांध्यांतून निसटते. पहिल्या धारेची दारू वेगळी धरायची, शेवटच्या धारेला कुठे थांबायचे ते ठरवायचे. थोडी दारू विस्तवावर टाकून ज्योत कशी उठते ते बघायचे, बाटली हलवून वर आलेले बुडबुडे किती वेळ टिकतात ते बघायचे. भट्टीपाशी बसलेले माणूस एकाच वेळी तापमान, प्रवाह आणि कडकपणा यांवर लक्ष ठेवून जाळ सारखा कमी-जास्त करत असे. यंत्रशास्त्रात याला अभिप्राय-नियंत्रण म्हणतात.

आजच्या घरगुती ब्रुअरीतला कंट्रोलर नेमके हेच काम करतो. बिअरसाठी जवाचे माल्ट साधारण ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवावे लागते. दोन-चार अंश इकडेतिकडे झाले की पिठूळ भागाची साखर करणारी विकरे वेगळे वागतात आणि बिअर पातळ किंवा जड होते. म्हणून पाण्यात डीएस१८बी२० सारखा बोटाएवढा सेन्सर सोडतात. तो तापमानाचा आकडा आर्डुइनो किंवा रास्पबेरी पायला कळवतो आणि तो बोर्ड रिलेमार्फत हीटर चालू-बंद करतो. नुसते चालू-बंद केले तर तापमान हवे त्याच्या वर-खाली हेलकावे खाते. त्यावरचा उपाय म्हणजे पीआयडी ही रीत. सध्या किती फरक आहे, आतापर्यंत किती साठला आहे आणि तो किती वेगाने बदलतो आहे, या तिन्हींचा हिशेब करून ती आच ठरवते. स्वयंपाकघरातले जाणते माणूस दूध वर चढू लागताच, उतू जायच्या आधीच गॅस बारीक करते, तसे हे. निकोलस मिनॉर्स्की यांनी १९२२ मध्ये जहाजाच्या सुकाणूसाठी या रीतीचे गणित मांडले. नंतर ते कारखान्यांत पोचले आणि चिप स्वस्त झाल्यावर घरच्या पिंपापर्यंत उतरले. पिंपात तरंगणारे सेन्सरही आता मिळतात. साखर संपत जाऊन द्रव हलका होतो तसा त्यांचा कल बदलतो आणि आंबणे कुठवर आले ते मोबाइलवर दिसते. कोकणात मडक्याला लावलेला कान हेच ओळखत होता.

इंग्लंडमधल्या ब्रुअरी पूर्वी अशाच हाताच्या अंदाजावर चालत. पाणी पुरेसे तापले की नाही हे बोट बुडवून बघत. १७६० च्या दशकात हॅम्पशायरमधल्या ऑल्टन गावच्या जेम्स बॅव्हरस्टॉकने तापमापी वापरायला सुरुवात केली, तीही वडिलांपासून लपवून, कारण म्हाताऱ्याला ही नवी खुळे मान्य नव्हती. १७८४ मध्ये जॉन रिचर्डसनने काढ्यातली साखर मोजणाऱ्या सॅकरोमीटरवर पुस्तक लिहिले. पुढच्या शतकात या व्यवसायाने विज्ञानालाच उसने द्यायला सुरुवात केली. म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीसाठी कार्ल फॉन लिंडे यांनी १८७३ च्या सुमारास शीतयंत्र उभारले. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमध्ये एमिल हान्सेन यांनी १८८३ मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले आणि त्याच प्रयोगशाळेत सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये पीएचचे माप ठरवले. डब्लिनच्या गिनेसमधले विल्यम गॉसेट ‘स्टुडंट’ या टोपणनावाने १९०८ मध्ये संख्याशास्त्रातला आपला प्रसिद्ध निबंध छापत होते. तिथेही सरकार कर घेतच होते आणि मोजतही होते. पण करणाऱ्यालाही मोजायची मुभा होती, आणि मोजून त्याचा फायदा होत होता.

हिंदुस्थानात थंडाव्याची सोय यंत्राने होईपर्यंत गोऱ्यांनी डोंगर शोधले. एडवर्ड डायरची ब्रुअरी १८५५ मध्ये कसौलीला निघाली ती तिथल्या थंड हवेसाठी आणि पाण्यासाठी. पेण-रोह्याच्या मोहाच्या मडक्याला डोंगरावर जावे लागत नव्हते. रानातले यीस्ट उष्म्यालाच सरावलेले होते. स्थानिक हवामानाला जुळलेले हे ज्ञान होते आणि त्याला तापमापीची जोड मिळाली असती तर ते कुठवर गेले असते, हा प्रश्न मनाला चटका लावतो.

तसे घडले नाही. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा हा त्यातला मोठा टप्पा. चार्ल्स प्रिचर्ड हे त्याचे शिल्पकार. मुंबईत जकात, मीठ, अफू आणि अबकारी एकाच कमिशनरच्या हाताखाली असत. म्हणजे पेण-उरणच्या मिठागरांतल्या मिठावर आणि रानातल्या मोहावर देखरेख करणारे खाते एकच. त्याआधी गावोगावच्या भट्ट्यांचा मक्ता लिलावाने दिला जाई आणि मक्तेदार किती गाळतो याच्याशी सरकारला फारसे देणेघेणे नसे. प्रिचर्ड यांच्या पद्धतीत गावची भट्टी बंद करून दारू मोठ्या डिस्टिलरीतून आणायची आणि गॅलनमागे, कडकपणा बघून कर घ्यायचा, असे ठरले. त्यासाठी उरण सोयीचे होते. तिथे पारशी मालकांच्या मोहाच्या डिस्टिलऱ्या आधीपासून होत्या आणि मुंबईची मोठी गिऱ्हाइकी बंदरापलीकडे हाकेच्या अंतरावर होती. ताडामाडांचेही तेच झाले. भंडाऱ्यांनी छेदलेल्या प्रत्येक झाडावर कर बसला, झाडांवर नंबर पडले.

उरणच्या डिस्टिलरीत अबकारी अधिकाऱ्याच्या हातात जे साधन होते ते साइक्सचे हायड्रोमीटर. पितळी तरंगता गोळा, त्याला अडकवायची छोटी वजने, सोबत तापमापी आणि कोष्टकांचे पुस्तक. बार्थोलोम्यू साइक्सच्या या उपकरणाला ब्रिटिश पार्लमेंटने १८१६ मध्ये अधिकृत केले होते. द्रवाचे तापमान बघायचे, गोळा किती बुडतो ते बघायचे, कोष्टकात दोन्ही आकडे जुळवून ‘प्रूफ’, म्हणजे कडकपणाचे माप, काढायचे. आजचे तरंगते डिजिटल सेन्सरही द्रवाचा हलकेपणा आणि तापमान हे दोनच आकडे घेतात. उरणची दारू प्रामुख्याने दोन मापांची असे. एक प्रूफच्या खाली २५ अंश, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे ४२.८ टक्के अल्कोहोल. दुसरी प्रूफच्या खाली ६० अंश, सुमारे २३ टक्के. भारतात विकल्या जाणाऱ्या व्हिस्की-रमच्या बाटल्यांवर अजूनही ४२.८ टक्के हा विचित्र आकडा छापलेला असतो. तो त्या पितळी गोळ्याचा वारसा आहे.

हे साधन पेणच्या वाडीपर्यंत कधी गेले नाही. तिथे गेला तो अबकारीचा शिपाई. कातकऱ्याला आता दारू प्यायची तर दुकानातली, उरणहून आलेली, करासकट महाग झालेली विकत घ्यायची. घरची गाळली तर खटला. कातकरी जंगलावर जगणारा, काताचा पिढीजात धंदा जंगलखात्याच्या बंधनांनी बसत चाललेला, मजुरीसाठी कोळशाच्या आणि पुढे विटांच्या भट्ट्यांवर उचल घेऊन राबणारा. त्याच्या हातातले थोडेसे रोख आता दुकानाच्या गल्ल्यात जाऊ लागले. दारूने कातकऱ्याचा घात केला हे खरे आहे. पण तो घात किती मोहाच्या मडक्याचा आणि किती दुकानाच्या उधारीचा, हे वेगळे करून बघायला हवे. इतिहासाने ते फारसे वेगळे केलेले नाही.

दारूच्या विरोधातली सर्वांत स्वच्छ भूमिका याच मातीतून आली, हेही तितकेच महत्त्वाचे. विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, पेण तालुक्यातल्या गागोदे गावचा. पांडुरंगशास्त्री आठवले १९२० मध्ये रोह्यात जन्मले. गांधींच्या रचनात्मक कार्यक्रमात दारूबंदीला मानाचे स्थान होते, आणि १९३० च्या चळवळीत दारूच्या दुकानांपुढची निदर्शने हा सत्याग्रहाचा भाग होता. आठवल्यांच्या स्वाध्याय चळवळीने पुढे किनाऱ्यावरच्या अनेक कोळी घरांतून बाटली बाहेर काढली, तीही कायद्याच्या बडग्याशिवाय. दारू सोडणाऱ्यांचा हा इतिहास अभिमानाचा आहे. तो आणि भट्टी मोडणाऱ्या शिपायाचा इतिहास एकच मानणे मात्र चूक.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि एप्रिल १९५० मध्ये मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी सुरू झाली. कर घेण्यासाठी उभारलेली सगळी चौकट आता बंदीसाठी कामी आली. या कायद्याचे ६५ वे कलम दारू बनवण्याला शिक्षा सांगते, आणि त्यासाठीची भांडी, उपकरणे, साहित्य बाळगण्यालाही. १९६० च्या दशकात वसंतराव नाईक यांच्या सरकारने परवान्यांची वाट मोकळी केली आणि १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले, तरी हे कलम जागेवरच राहिले. महाराष्ट्रात आज कुणी परवान्याशिवाय घरी बिअर करायला पिंप, हीटर, सेन्सर आणि कंट्रोलर मांडले, तर तो सगळा संच या कलमाच्या कक्षेत येऊ शकतो. इंग्लंडमध्ये ग्लॅडस्टन यांनी १८८० मध्ये घरगुती ब्रुइंगवर परवाना लादला आणि तो १९६३ मध्ये उठला. अमेरिकेत अध्यक्ष कार्टर यांनी १९७८ मध्ये घरगुती बिअरला मोकळीक देणाऱ्या कायद्यावर सही केली. दोन्हीकडे त्यानंतर क्लब निघाले, पुस्तके आली, आणि आर्डुइनो २००५ मध्ये इटलीत जन्माला आले तेव्हा ते जोडून बघणारी माणसे तयार होती.

इकडे गावठी दारू ओढ्याकाठच्या झुडपांत गेली. भट्टी रात्री लागू लागली, घाईत लागू लागली. मोहाऐवजी काळा गूळ आला, आंबवण्यात नवसागर पडू लागला. पोलिसांच्या बातम्यांत ‘इतके लिटर कच्चे रसायन नष्ट’ हे वाक्य रुळले. ज्या कामात आच, वेळ आणि थांबायची जागा यांना महत्त्व, ते लपतछपत करायचे म्हटले की आधी सुटते ती निगुती. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरांहून अधिक माणसे मेली. तिथले विष आंबवण्यातून आलेले नव्हते, ते कारखान्यात वापरायचे मिथेनॉल होते. कुणी काय विकते आहे हे पिणाऱ्याला मोजता येत नव्हते.

मोजण्याची विद्या मात्र महाराष्ट्रात भरपूर वाढली, परवाना असलेल्या दारांआड. सहकारी साखर कारखान्यांच्या मळीवर डिस्टिलऱ्या उभ्या राहिल्या. पुण्याजवळच्या मांजरीतल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल तंत्रज्ञान शिकवले जाते. प्रमोद चौधरी यांनी १९८३ च्या सुमारास पुण्यात सुरू केलेली प्राज ही कंपनी जगभर डिस्टिलरी आणि ब्रुअरीचे प्रकल्प उभारते. त्या प्रकल्पांत प्रत्येक टाकीचे तापमान, दाब आणि प्रवाह नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर दिसतात. रोह्याच्या कुंडलिकेकाठी धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. तिथल्या रिअॅक्टरचे तापमान सांभाळणारा तंत्रज्ञ आजूबाजूच्या गावांतला असतो, आणि ऊर्ध्वपातनाच्या स्तंभात कोणत्या थराला किती अंश हवेत हे त्याला नीट माहीत असते. त्याच तालुक्यातल्या डोंगरावर तेच शास्त्र दीडशे वर्षांमागच्या जागी थांबले आहे.

पुण्यात २००९ मध्ये डूलालीने मायक्रोब्रुअरी सुरू केली आणि २०१८ च्या सुमारास मूनशाइन मीडरीने मधाची दारू बाजारात आणली. दोन्हीकडे कूलिंग जॅकेटच्या स्टेनलेस टाक्या आणि तापमानाचे कंट्रोलर आहेत. घरातल्या हौशी माणसाला ती वाट नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तोच सेन्सर, तोच रिले, तोच बोर्ड मिळतो. तो घेऊन मुले पाण्याच्या टाकीचा पंप चालवतात, अंडी उबवायचे पेटारे करतात, दह्याचे विरजण ठरावीक उबेत ठेवतात.

शेजारच्या गोव्यात वेगळे घडले. काजूच्या हंगामात भाण, म्हणजे गाळपाचे भांडे, चढवणारा माणूस स्वतःजवळ हायड्रोमीटर ठेवतो आणि ‘ग्राव’ मोजतो. पहिल्या गाळपाचा हुर्राक साधारण १५ ग्राव, फेणी १९-२० ग्राव. हे माप कार्तिए यांच्या जुन्या फ्रेंच मापावरून आलेले, पोर्तुगीज अमलात रुळलेले. दारू करणाऱ्याला कर भरावा लागतो, परवानाही लागतो, पण मोजणी त्याच्या अंगणात होते. त्यामुळे त्याची फेणी चांगली की वाईट यावर भांडायला त्याच्याकडे आकडा असतो. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारशाचा दर्जा दिला. मध्य प्रदेशानेही २०२२ च्या सुमारास मोहाच्या दारूला वारसा मद्य मानून आदिवासी बचतगटांना उत्पादनाची परवानगी दिली. महाराष्ट्राने २०२१ मध्ये मोहफुले गोळा करण्यावरची आणि साठवण्यावरची बंधने सैल केली. फूल सुटले, पण भट्टीचा प्रश्न उरलाच आहे.

रायगडात असे धोरण आणायचे की नाही, हे वाड्यांवरच्या बायकांना आधी विचारायला हवे. दारूचे दुकान हटवण्यासाठी ‘उभी बाटली, आडवी बाटली’चे मतदान महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांनी लढून जिंकले आहे, आणि त्यांचा शब्द शेवटचा असावा. त्यांनी नको म्हटले तर प्रश्न तिथेच संपतो, आणि मग तेच सेन्सर फुले वाळवण्याच्या पेटीला लावता येतील. पावसाळ्यात ओलीमुळे बुरसणाऱ्या मोहाला त्याची गरज आहे, आणि त्याला कुठलाही परवाना लागत नाही. त्यांनी हो म्हटले, तर परवान्यासोबत प्रत्येक गटाला एक तापमापी, एक हायड्रोमीटर आणि मिथेनॉल तपासण्याची जवळची प्रयोगशाळा द्यावी, आणि त्या आकड्यांची वही गटाकडे राहावी.